पाटावर कोणतं पुस्तक?

मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. वळताना मी कुरकुरते; वयच झालंय, काय करणार! मित्रांनो, माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते परदेशातल्या कॉर्क शहरातलं हिशेबनिसांचं ऑफिस. तिथे एक गृहस्थ वर्षानुवर्षं माझ्यावर ढिम्म बसून असत. "ग्रँड चेअर!" असं आल्यागेल्याला सांगत. मग २०२० साली लॉकडाऊन आला, ऑफिसला कुलूप लागलं आणि मी धूळ खात पडले. उन्हाळ्यात जागा रिकामी करताना मला रस्त्याकडेला ठेवलं. तिथून प्रकाशरावांनी मला गाडीत कोंबून घरी आणलं.

प्रकाशराव जवळच्याच रिंगास्किडी गावातल्या औषध कारखान्यात केमिस्ट. त्यांची मुलगी तन्वी नुकतीच कॉलेजात गेली होती. गेली म्हणजे काय, माझ्यावर बसली! वर्ग सगळे लॅपटॉपवरच. तिचा कोर्स असा, की पहिल्या वर्षी सगळी शास्त्रं थोडी थोडी शिकायची आणि मार्चमध्ये एक विषय धरायचा. पोरीचं काही म्हणता काही ठरेना. बायोलॉजीच्या तासाला ती डावीकडे गिरकी घेई, फिजिक्सच्या तासाला उजवीकडे. अहो, तिचं बूड म्हणून एका जागी टेकत नव्हतं! माझा जीव अगदी मेटाकुटीला आला.

त्यात रविवारचे व्हिडिओ कॉल. पुण्याहून आत्या विचारायची, "तन्वी, कशात करतेयस गं?" तन्वीनं तोंड उघडायच्या आत बाबा सांगून टाकायचे, "केमिस्ट्री!" तिची नखं माझ्या हातांत रुतायची. चारचौघांत बाबांनी असं ठरवूनच टाकलं, तर मार्चमध्ये तिला निवडायला उरणार काय? हीच धास्ती तिला दिवसरात्र होती आणि मला तिची फार कीव यायची.

दसऱ्याला तन्वीच्या आईनं पाटावर सरस्वती काढली. बाबांनी कारखान्याचं ओळखपत्र पूजेला ठेवलं, आईनं आपला लॅपटॉप.

"तन्वी, तुझं पुस्तक आण," आई म्हणाली.

तन्वी जागची हलेना. तेव्हा बाबांनीच केमिस्ट्रीचं जाडजूड पुस्तक आणून पाटावर ठेवलं. तन्वी ताडकन उठली. तिनं ते उचललं. मला वाटलं, आता फेकते की काय! पण तिनं ते बाबांच्या हातात परत दिलं.

"बाबा, आय डोन्ट नो यट," ती म्हणाली. मग तिला रडू फुटलं आणि एरवी इंग्रजीत बोलणारी ती पोर चक्क मराठीत म्हणाली, "तू सगळ्यांना सांगतोस. मला विचारतच नाहीस."

बाबा गोरेमोरे झाले. "अगं, सणासुदीला..." आईनं सुरुवात केली, तोच पुस्तक हातात धरून बाबा मटकन माझ्यावर बसले.

"बरं, आता विचारतो. काय आवडतं तुला?"

"माहीत नाही."

आता उपदेशाची गाडी सुटणार, अशी माझी खात्रीच होती. पण बाबांनी पुस्तक खाली ठेवलं. "मग काय आवडत नाही, ते तरी सांग."

तन्वीनं डोळे पुसले, जमिनीवर मांडी घातली आणि ती बोलतच सुटली. केमिस्ट्रीबद्दलही बोलली. बाबांचा चेहरा पडला, पण ते मध्ये बोलले नाहीत. आई हळूच म्हणाली, "होऊ दे तुमचं. पूजेला घाई नाही."

मित्रांनो, माझी निगा नाही राखलीत तरी मी रागावणार नाही. पण तुमच्या घरात एखादं पोर अजून काही ठरवू शकलं नसेल, तर त्याच्याजवळ बसा. त्याला विचारा. आणि 'माहीत नाही' असं उत्तर आलं, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका.