मास्तरांच्या फळीवरचे आकडे

मी एक जुनी फळी आहे, मित्रांनो. सुताराने मला चार पाय ठोकले म्हणून लोक मला टेबल म्हणतात. म्हणोत बापडे. मी स्वतःला फळीच म्हणवते. लांबीला एक माणूस पाय पसरून झोपेल एवढी, रुंदीला दोघांनी समोरासमोर बसून जेवावं एवढी. वजनाचं विचाराल, तर मला जिन्यावरून चढवणाऱ्यांनी मला काय काय नावं ठेवली ते इथे सांगण्यासारखं नाही.

माझा जन्म नाटकगृहातला. तिथला रंगमंच उखडून नवा केला, तेव्हा निघालेल्या जुन्या लाकडातल्या पाच बऱ्या पाट्या सुताराने निवडल्या, त्यांच्यावर रंधा मारला आणि एकमेकींना जोडल्या. म्हणजे शिंप्याकडे येण्याआधीच माझ्यावरून किती राजे चालून गेले याची मोजदाद नाही. एका राजाच्या टाचेला खिळा होता. त्याची खूण माझ्या डाव्या कडेला अजून आहे. तेव्हा नाटकातलं मला कोणी शिकवू नये.

नाटकमंडळीच्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर चौथीपर्यंत शिकलेले. पुढे शाळेला त्यांची गरज वाटली नाही आणि त्यांना शाळेची. पण हात असा, की कापडावर खडूची रेघ एकदाच ओढायची आणि पुसायची वेळ यायची नाही. माझ्या एका बाजूला ते कापत आणि समोर त्यांची मुलगी काज करत बसे. वीस वर्षांची, जिभेला धार, हाताला वेग.

मास्तर नाटकं लिहायला लागले ते एका कोटामुळे. सेनापतीचं काम करणारा नट जेवणात कसूर करत नसे. एका लांब वाक्याला तो छाती फुगवायचा आणि दर प्रयोगाला काखेतली शिवण उसवायची. मास्तरांनी ती तीनदा घातली. चौथ्यांदा त्यांनी कोट माझ्यावर टाकला, उलटा केला, सुलटा केला.

"सैल करायला आत कापड उरलेलं नाही," ते म्हणाले.

"मग मी काय श्वास घेऊ नको?" नट म्हणाला.

"घ्या की. वाक्यच बेतू आपण."

चौदा शब्दांचं वाक्य त्यांनी आठात बसवलं. त्या प्रयोगाला शिवण टिकली, आणि आजवर त्या जागी कधी न पडलेली टाळी पडली. मंडळीच्या मालकांचे कान टवकारले. त्यांनी मास्तरांकडून आणखी चार वाक्यं बेतून घेतली, मग एक प्रवेश, मग अख्खं नाटक. अशी अकरा नाटकं झाली आणि ती मुलुखभर गाजली.

त्यांची लिहायची रीत सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यावरून झाला. मास्तर वहीत लिहीत नसत. कपड्याचा बेत काढायच्या खाकी कागदाच्या पाठीवर लिहीत. त्यामुळे एका पानाला बाहीचा आकार, दुसऱ्याला कॉलरचा. लिहिण्याआधी ज्या नटाचं भाषण असेल त्याला ते माझ्याजवळ उभं करत आणि छातीला टेप लावत.

"श्वास सोडा. आता घ्या भरून. थांबा."

दोन्ही आकडे कागदाच्या कोपऱ्यात. छत्तीस, एकोणचाळीस. दोहोंत जेवढं अंतर, तेवढं त्या माणसाचं वाक्य. मंडळीतली मोठी नायिका सडपातळ, पण तिची छाती तीन इंच फुलायची. तिला मास्तर अशी लांब वाक्यं देत, की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी आणि तिने मात्र शेवटचा शब्द हसत टाकावा.

या दिवसांत एक वकीलसाहेब दुपारी यायचे. पुस्तकं वाचलेला माणूस, तेवढाच गर्व. लाल पेन्सिलीने ते मास्तरांचं शुद्धलेखन सुधारत. खोटं कशाला बोलू, मास्तरांच्या ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदच होता. नाटकं छापली तेव्हा वकीलसाहेबांनी प्रस्तावना लिहिली. ती पहिल्या अंकापेक्षा लांब होती.

पुढे मास्तर गेले, मंडळी मोडली. त्यांच्या मुलीने मला आपल्या दुकानात नेलं आणि माझ्यावर जगाच्या विजारी आखूड केल्या. दुकान लहान झालं तेव्हा तिने मला भाचीकडे, म्हणजे मास्तरांच्या नातीकडे धाडलं. नात तिला आत्या म्हणते, म्हणून मीही आता तिला आत्याच म्हणते. नातीने माझ्यावर कॉम्प्युटर ठेवला आणि चहाचे कप. ज्या पाठीवर मखमल पसरली होती तिच्यावर गोल गोल डाग. कोणाला सांगणार.

नात घरून काम करते. दोनला मोकळी होते आणि कॉम्प्युटरवर पत्ते खेळते. पोकर म्हणतात त्याला. तीन निरनिराळ्या गावांतली तीन माणसं तिच्याबरोबर असतात, कोणी कोणाचं तोंड पाहिलेलं नाही. पैसे लावत नाहीत, नुसत्या चित्रातल्या चकत्या. त्या खेळायच्या जागेलाही ते टेबल म्हणतात. पाय नाहीत, लाकूड नाही, वर सुई ठेवायची सोय नाही, आणि टेबल. खेळता खेळता ते एकमेकांना लिहितात, आणि नात ते मोठ्याने वाचते. म्हणून मला सगळं ठाऊक.

एक दिवस नाटकगृहाचं पत्र आलं. मास्तरांची फळी आम्हाला द्या, दर्शनी दालनात ठेवू, पितळेची पाटी लावू. अट एकच. ही नाटकं आमच्या आजोबांनीच या फळीवर लिहिली, असं घरच्या माणसाने सही करून द्यायचं. नात हरखली. तिने लगेच आपल्या पोकरवाल्यांना कळवलं.

"पण ती त्यांनीच लिहिली का?" खेळात बिनसाखर नाव घेतलेल्या बाईने विचारलं. "ती दुसऱ्याच कोणाची असं म्हणतात ना?"

"चौथी शिकलेला शिंपी दरबारातले कायदे लिहितो," कासव म्हणाला. तो विमा कंपनीत आकडेमोड करायचा. "शक्य आहे. हजार डावांत एकदा येणारा पत्ता येतोच की कधीतरी."

"पहिल्यापासून वाटतंय मला, इथे कोणीतरी थाप मारतंय," डॉक्टर म्हणाला. हा खराखुरा डॉक्टर होता, निवृत्त.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. दिवसभर पत्ते लपवणाऱ्यांत बसलं की जो तो काहीतरी लपवतोय असंच वाटणार. नातीने त्यांची तोंडं बंद करावीत म्हणून आजोबांच्या पेटीत जपलेल्या खाकी कागदांचे फोटो पाठवले. तिथेच चुकली. कोपऱ्यातले आकडे पाहून कासवाला चेव आला.

"ही गुप्त भाषा आहे," तो म्हणाला.

चार दिवस तो खपत होता. कागदावर आकडा छत्तीस असेल तर त्या पानावरचं छत्तिसावं अक्षर घ्यायचं, एकोणचाळीस असेल तर एकोणचाळिसावं. जी अक्षरं बसत नव्हती ती त्याने सोडून दिली. पाचव्या दिवशी उरलेल्यांतून नाव निघालं. वकीलसाहेबांचं. खऱ्या लेखकाने आपली सही लपवून ठेवली होती म्हणे. नको ते कापड असं सोडून देता आलं असतं, तर हत्तीचा झगा मी उंदराला बसवून दाखवला असता.

पण नातीच्या मनात पाल चुकचुकली. तिने आजोबांना पाहिलेलं नव्हतं. लहानपणापासून ती मास्तरांची नात म्हणून मिरवली होती, आणि आता ते दुसऱ्याच्या नाटकांवर आपलं नाव घालणारे निघाले तर? खोट्यावर सही करायला ती तयार नव्हती. पत्र आठ दिवस माझ्यावर पडून राहिलं. नवव्या दिवशी त्याच्यावरही कपाचा डाग उमटला.

त्याच दुपारी आत्या पडदे शिवून घेऊन आली. तीन जिने चढून आली होती, दारात थांबून दम खाल्ला, मग बसली. गळ्यात टेप होतीच. झोपतानाही ती टेप काढत असेल असं मला वाटत नाही.

"अजून सही नाही केलीस?" तिने पत्र उचलून कपाचा डाग बघितला.

"आत्या, खरं सांगशील?"

"खोटं रचायला मला सवड कुठे आहे. विचार."

"नाटकं आजोबांनीच लिहिली ना गं?"

आत्याने पडद्यातली एक टाचणी काढली, टाचण्यांच्या उशीत खोचली. "कोण म्हणतं नाही लिहिली?"

"माझे पोकरवाले."

"नावं काय त्यांची?"

"कासव, डॉक्टर आणि बिनसाखर."

"स्वतःची नावं सांगायची चोरी, आणि दुसऱ्याच्या नावावर शंका."

नातीने तिला आकडे दाखवले, कासवाची अक्षरं दाखवली. आत्या बघत राहिली आणि मग हसायला लागली. हसता हसता खोकला आला, तरी हसतच होती.

"अगं, ही छातीची मापं आहेत. ऊठ. हात वर कर. सोड श्वास. किती?"

"एकतीस."

"भरून घे. थांब. आता?"

"तेहतीस."

"झालं तर. तू एक दोन इंची बाई आहेस. तुझ्या आजोबांनी तुला दोन ओळींवर एक शब्द दिला नसता."

नातीने हे सगळं जसंच्या तसं लिहून पाठवलं.

"मग माझी अक्षरं?" कासवाने विचारलं.

"त्यांचा सदरा शिवून घे," बिनसाखर म्हणाली.

डॉक्टरने मात्र एकच मागणी केली. नायिकेच्या कागदांवरचे आकडे नाटकांच्या क्रमाने वाचून दाखव. नातीने कागद लावले. सहाव्या नाटकात छत्तीस, एकोणचाळीस. सातव्यात छत्तीस, अडतीस. आठव्यात छत्तीस, साडेसदतीस. नवव्यात छत्तीस, सदतीस.

"त्या बाईंना फुप्फुसाचा आजार होता," डॉक्टरने लिहिलं. "आणि तो वाढत होता."

नातीने वाचलं आणि आत्याकडे पाहिलं. आत्याचं हसू विरलं होतं.

"हे त्याला कोणी सांगितलं?" ती हळू आवाजात म्हणाली. "मला आणि बाबांना, दोघांनाच ठाऊक होतं."

तिसरी मी होते, मित्रांनो, पण मला कोण विचारतं. नायिका त्या दिवशी माझ्या कडेला टेकून उभी होती. मास्तरांनी टेप लावली, आकडा बघितला, पुन्हा लावली.

"लोकांना कळू देऊ नका, मास्तर," ती म्हणाली. "काम जाईल माझं."

"कळणार नाही, बाई. तुमची वाक्यं आखूड बेततो."

आणि त्यांनी बेतली. नाटकागणिक आखूड. शेवटी शेवटी तर दोन शब्द, की थांबा. तीन शब्द, की थांबा. प्रेक्षक श्वास रोखून बसत. वर्तमानपत्रांनी लिहिलं, ही नवी शैली आहे, असं तुटक बोलणं रंगभूमीवर कोणी आणलं नव्हतं. नायिका शेवटच्या प्रयोगापर्यंत उभी राहिली. तिची धाप कोणालाही ऐकू आली नाही.

"त्या वाक्यांच्या खाली लाल पेन्सिलीने काय लिहिलंय?" डॉक्टरने विचारलं.

नातीने कागद डोळ्यांजवळ नेला. वकीलसाहेबांचं अक्षर होतं. जागोजागी एकच शब्द. अपूर्ण. अपूर्ण. अपूर्ण.

"ज्याला ती वाक्यं अपूर्ण वाटली त्याने ती लिहिलेली नाहीत," डॉक्टरने लिहिलं. "ज्याच्या हातात टेप होती त्याने लिहिली. मी हार मानतो, माझे पत्ते टाकतो."

बिनसाखरनेही टाकले. कासव म्हणाला, मी आणखी थोडा विचार करतो. करू दे. काही माणसांना वेळ लागतो, म्हणून तर त्याने ते नाव घेतलं असेल.

नातीने त्याच दुपारी सही केली.

मग पाटीवर काय लिहायचं ते नाटकगृहाने विचारलं. कार्यक्रमात मास्तरांची मुलगी ते वाचून दाखवेल, असंही ठरवून टाकलं. नातीने दोन दिवस बसून लिहिलं. थोर नाटककार, अकरा नाटकं, अजरामर, रंगभूमीची सेवा, सगळं एका वाक्यात कोंबलं. आत्याने चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतलं. अजरामरपाशी थांबली. पुढे सेवेपाशी थांबली. एक हात माझ्यावर टेकला.

"चांगलं लिहिलंयस गं," ती म्हणाली. "जिने चढून आलेय ना, म्हणून."

त्या दिवशी ती जिने चढून येऊन तासभर झाला होता. नातीने तिच्या गळ्यातली टेप काढली.

"श्वास सोड, आत्या."

"मला कशाला मोजतेस? मला काही शिवायचं नाहीये."

"सोड तर. आता घे भरून. थांब."

नातीने कागदाच्या कोपऱ्यात दोन आकडे लिहिले. अडतीस, एकोणचाळीस. मग तिने अजरामर खोडलं. थोर खोडलं. सेवा खोडली. खोडत गेली, आणि उरलं ते आत्यापुढे सरकवलं. आत्याने ते वाचलं, न थांबता. मग टेप परत गळ्यात घातली आणि पडदे लावायला उठली.

आता मी नाटकगृहाच्या दालनात उभी आहे, मित्रांनो. जिथे माझ्या पाट्या पायाखाली होत्या तिथून वीस पावलांवर. येणारे-जाणारे बघतात. कोणी म्हणतं, एवढंसं टेबल. कोणी म्हणतं, शिंपी कुठे नाटकं लिहितो का. मला त्याचं काही नाही, मी राजांच्या लाथा खाल्लेल्या आहेत. तुम्ही आलात तर माझ्यावर चहाचा कप तेवढा ठेवू नका. घरात जुनी वस्तू असेल तर तिच्या कोपऱ्यातले आकडे पुसण्याआधी, किंवा त्यांतून कोणाचं नाव काढण्याआधी, ज्याला ठाऊक असेल अशा माणसाला विचारा. तो माणूस आहे तोवर विचारा.

माझ्या पुढच्या कडेला पितळेची लहान पाटी आहे. ती मोठ्याने वाचा.

मास्तर इथे माप घेत. मग लिहीत.

बघा, दम थोडा असला तरी एका श्वासात बसते.