तेलाचं बोट

मित्रांनो, मी एक जुना, जळका रेग्युलेटर आहे. ज्या वर्षी रेणापूरच्या मलप्पांच्या नातवाचं, शिवांशचं, लिंगधारण झालं, त्याच वर्षी मी त्यांच्या घरी आलो. लिंगधारणाला आलेले पाहुणे अजून घरातच होते. एका खोलीत बाळ गळ्यात लिंग घालून पहिल्यांदा झोपलं होतं आणि दुसऱ्या खोलीत आजोबांना श्वास पुरत नव्हता.

मी पितळेचा. कारखान्यात मला कातलं, घासलं, धुतलं आणि तेलाचा थेंबही अंगावर राहू न देता पिशवीत बंद केलं. ऑक्सिजनच्या सिलिंडरला जोडून घ्यायचं, आतला दांडगा दाब आवरायचा आणि माणसाला सोसेल एवढीच हवा पुढं सोडायची, हे माझं काम.

मलप्पा लातूरच्या दाळमिलमध्ये फिटर होते. तुरीच्या फोलाची धूळ त्यांच्या छातीत बसली ती कायमची. सिलिंडर आणून देणाऱ्या बालाजीनं पहिल्याच दिवशी त्यांच्या सुनेला, अंबिकेला, जवळ बोलावलं.

"ताई, ह्याला तेलाचं बोट लावू नका. ग्रीस न्हाई, बाम न्हाई. जवळ दिवा-उदबत्ती न्हाई. अन् चावी हळू फिरवा."

"तेल लागलं तर काय होतंय?"

"आत लई जोर असतोय. तो जोरात सुटून तेलावर आदळला की तेल आपोआप पेटतं. काडी लागत न्हाई."

अंबिकेनं ते मनावर घेतलं. देवघरातली उदबत्ती तिनं ओसरीवर हलवली. साबणानं हात धुतल्याशिवाय ती मला कुणाला शिवू देत नसे. तिची सासू पार्वतम्मा पदराआड हसायची.

"आपल्या लिंगायताच्या घरात सोवळं कधी नव्हतं बाई. सूनबाईनं आणलं."

"हसा आत्या, पण चटणीचे हात धुऊन या."

"मला लग्नात हळद लावून सुदा एवढं धुतलं नव्हतं," मलप्पा खाटेवरून म्हणायचे.

ते माझे चांगले दिवस होते. मला जोडलेल्या बाटलीत पाणी गुडगुडायचं आणि त्या आवाजावर मलप्पांना झोप लागायची. पार्वतम्मा आल्यागेल्याला मला दाखवायच्या. "ह्याच्या जिवावर आमचे मालक बोलून राहिले," म्हणायच्या.

शिवांश चालायला लागला त्या वर्षी दसऱ्याला अंबिका नवऱ्याला आणि लेकराला घेऊन शिरूर अनंतपाळला माहेरी गेली. निघताना ती उंबऱ्यात थांबली.

"मामा, सिलिंडर बदलायचा असला तर बालाजीला बोलवा. तुमी हात लावू नका."

"हाव," मलप्पा म्हणाले.

खंडेनवमीला त्यांच्या घरी हत्यारांची पूजा असायची. मिल सुटली तरी मलप्पांनी पाने, हातोडा, पेचकस जपून ठेवले होते. हत्यार आधी तेलानं पुसायचं, मग विभूती लावायची, मग झेंडू वाहायचा. कोरड्या हत्याराची पूजा करू नये, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं.

सकाळी बालाजी भरलेला सिलिंडर ठेवून गेला. "काका, जुना अजून पुरतोय. पलीकडच्या गल्लीत पेशंट लई बेजार हाय. तिथून येऊन जोडून देतो," म्हणाला.

मलप्पांना दम निघाला नाही. सणाच्या दिवशी आपल्या घरातलं यंत्र दुसऱ्यानं जोडावं, हे त्या फिटरला कसं रुचणार? त्यांनी जुना सिलिंडर बंद केला आणि मला सोडवून पाटावर हत्यारांच्या रांगेत ठेवलं.

"आहो, अंबिका न्हाई म्हणलीय," पार्वतम्मा म्हणाल्या.

"तिला मशीनचं काय ठावं? तेल पाजलेलं यंत्र कधी दगा देत न्हाई. आन वाटी."

पार्वतम्मा क्षणभर घुटमळल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "खरंच. ज्याच्या जिवावर श्वास चालतोय, त्यालाच कोरडं ठेवायचं का?" आणि त्यांनी वाटी पुढं केली.

मलप्पांनी माझ्या आट्यांवर तेलाचं बोट फिरवलं. किती मायेनं फिरवलं, मित्रांनो. मला बोलता येत असतं तर मी ओरडलो असतो.

त्यांनी मला नव्या सिलिंडरवर आवळलं. तेवढ्यात त्यांना धाप लागली. नळी नाकात होती, पण तिच्यातून काही येत नव्हतं. श्वासासाठी घाबरून त्यांनी चावीला एकदम हिसका दिला. जन्मभराच्या सवयीनं ते यंत्राच्या बाजूला उभे होते. समोर पार्वतम्मा ताट घेऊन उभ्या होत्या. ताटात विभूती होती, फुलं होती. निरांजन अजून लावलंही नव्हतं.

माझ्या पोटातून जाळ निघाला आणि तो सरळ समोर गेला.

शेजारी धावले. कुणी पार्वतम्मांच्या अंगावर गोधडी टाकली, कुणी मलप्पांना उचलून बाहेर नेलं. बालाजी पळत आला आणि त्यानं भाजत्या हातानं चावी बंद केली. मी तोपर्यंत अर्धा वितळलो होतो.

अंबिका संध्याकाळी दवाखान्यात पोहोचली. मलप्पा बाकावर बसले होते. नाकात दवाखान्याची नळी होती. त्यांनी सुनेकडं पाहिलं नाही.

"तुझं सोवळं मोडलं मी, पोरी," एवढंच म्हणाले.

घरी नवा रेग्युलेटर आला तेव्हा अंबिकेनं हात धुतले, कोरडे केले आणि चावी हळूहळू फिरवली. मलप्पा भिंतीकडं तोंड करून पडले होते.

मला मात्र तिनं भंगारात दिलं नाही. आता गावात कुणाकडं ऑक्सिजन आला की ती मला पिशवीत घालून घेऊन जाते आणि माझं जळकं तोंड त्या घरच्यांपुढं ठेवते. लेकरं मला हातात घेऊन बघतात. मित्रांनो, तुमच्याही घरी कधी माझा भाऊबंद आला तर त्याला कोरडा ठेवा. त्याची पूजा करू नका, त्याला तेल पाजू नका. त्याची माया त्याच्या कोरडेपणात आहे.

मलप्पा अजून आहेत. पार्वतम्मा त्याच वर्षी, कोजागरीच्या आदल्या दिवशी सकाळी, लातूरच्या दवाखान्यात वारल्या.