डाव्या हाताचा उतार

शिंप्यांच्या गल्लीतलं उघडं गटार हे माझं नोकरीतलं पहिलं काम. समाजविकास अधिकारी म्हणून नुकताच लागलो होतो. मी गेलो त्या रविवारी गल्ली आधीच फावडी-कुदळी घेऊन उतरली होती. गल्लीतला म्हातारा गवंडी पातळी बघायची पाणी भरलेली नळी धरून भिंतींवर कोळशानं खुणा करत होता. भिंत केसभर कलली तरी त्याच्या डोळ्यांत खुपायची, म्हणून सगळे त्याला ओळंबा म्हणत.

"साहेब, पाणी डाव्या हाताला काढायचं. उजवीकडं उतार दिसतो, पण ती नुसती नजरेची फसगत."

माझ्या पिशवीत मंजूर नकाशा होता. "थांबा! ठेकेदार येणार आहे. तुम्ही कशाला घाम गाळता?"

"तो येईपर्यंत आमच्या नातवंडांना मिशा फुटतील," शिंपीणकाकू म्हणाल्या. सगळे हसले, मीही हसलो. पण काम थांबवलं. लोकांचे कष्ट वाचवले, असंच मला वाटत होतं.

ठेकेदार दहा महिन्यांनी आला. नकाशात उतार उजवीकडे होता. ओळंबा तीन दिवस चराच्या काठावर उभा राहिला. चौथ्या दिवशी त्यानं माझी बाही धरली. "एकदा नळी लावून बघा. पाच मिनिटांचं काम."

"मामा, इंजिनिअरनं आखलंय ते."

"बरं," तो म्हणाला आणि नळी गुंडाळून घरी गेला.

उद्घाटन झालं, माझी पाठ थोपटली गेली. महिनाभरात काकू ऑफिसात हजर. "साहेब, तुमचं गटार तुंबलंय."

जाऊन बघतो तर पाणी काकूंच्या उंबऱ्याशी साचलेलं, जाळीत मूठभर चिंध्या अडकलेल्या आणि माणसं त्यावरून ढांगा टाकत चाललेली. मी चिडलो. "काकू, एवढ्या चिंध्या तुम्हाला काढता आल्या नसत्या?"

"आमचं असतं तर काढल्याच असत्या." गिऱ्हाइकाला कापड कमी पडतंय सांगावं, तसं त्या शांतपणे म्हणाल्या. "सरकारी वस्तूला हात लावायचा आणि काही मोडलं तर?"

मी चिंध्या काढल्या, तरी पाणी हललं नाही; उतारच उलटा होता. मी ओळंब्याकडे गेलो. "मामा, चुकलंच माझं. येत्या रविवारी सगळे मिळून उतार बदलू या का?"

"उतार दाखवीन मी. पण माणसं आता जमायची नाहीत, साहेब. मी दारोदार फिरून पाहिलंय."

तरी रविवारी आम्ही दोघं खुणा करत बसलो. काकूंचे यजमान अर्धा तास येऊन गेले. बाकीचे खिडक्यांतून बघत होते. एकानं अगदी अदबीनं विचारलं, "साहेब, ठेकेदार कधी येणार?"

मी तारीख सांगितली. ती खरी ठरली नाही. दुरुस्ती मंजूर झाली तोवर माझी बदली झाली होती आणि ओळंबा लेकीकडे राहायला गेला होता.

आता मी नव्या भरतीच्या पोरांना शिकवतो. समुदाय विकास म्हणजे काय, त्याची उद्दिष्टं कोणती, सगळं फळ्यावर लिहून देतो. पोरं उतरवून घेतात. या गल्लीबद्दल मात्र त्यांच्यासमोर बोलायचं धाडस मला अजून झालेलं नाही.