डावी बाजू

परदेशातल्या पार्सिपनीच्या त्या घरात ताट कसं वाढायचं हे ठरवायचा अधिकार एकट्या श्रीरामरावांचा होता, आणि तो त्यांनी कुणाला विचारून घेतलेला नव्हता. नागपूरला सारा जन्म बँकेत गेला खरा, पण गावात नाव झालं ते पंगतीमुळे. कुणाचं लग्न असो, मुंज असो, श्रीरामराव कमरेला पंचा खोचून हजर. मीठ कुठे, लिंबू कुठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. यात कुणी घोळ घातला की भर मांडवात त्याची खरडपट्टी निघायची. "डावी बाजू चवीपुरती असते रे बाप्पा! ती नसली तरी माणूस जेवून उठतो. आधी उजवीकडे पाह्य!"

नेत्रा त्यांची सून. पुण्याची, त्यामुळे सुरुवातीला तिला हे सगळं थोतांड वाटायचं. आपल्यालाच काय ते नीट कळतं असं समजणारं दुसरं माणूस घरात आलेलं पुण्याच्या माणसाला पटकन खपत नाही. पण सासूबाई गेल्या, श्रीरामराव सहा महिन्यांसाठी इकडे आले, आणि रोज संध्याकाळी कुणीतरी आपल्यासाठी ताट वाढून वाट बघतंय याची तिला सवय लागली. ऑफिसचा लॅपटॉप मिटून ती जेवायला बसली की ताटात कोपऱ्यात लिंबाची फोडसुद्धा ठेवलेली असायची. असले लाड तिचे माहेरीही झाले नव्हते.

मग एके सकाळी श्रीरामरावांच्या, म्हणजे घरातल्या बाबांच्या, छातीत कळ आली. अ‍ॅम्ब्युलन्स, हॉस्पिटल, अटॅक, स्टेंट, सगळं एका दिवसात उरकलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं: रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या दोन, दोन्ही वर्षभर, एकही चुकवायची नाही. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली जाळी, तिच्यावर रक्ताची गुठळी धरली की खेळ खलास.

दोन गोळ्यांपैकी एक अ‍ॅस्पिरिन. ती बाबांच्या जुन्या ओळखीची. दुसरी गुलाबी, तिचं नाव क्लोपिडोग्रेल. ते नाव उच्चारताना त्यांची कवळी सरकायची, म्हणून ते तिला "ती गुलाबी" म्हणायचे. दोन्ही गोळ्या ते रात्री जेवताना ताटातच घ्यायचे. अ‍ॅस्पिरिन उजवीकडे भाजीशेजारी, गुलाबी डावीकडे चटणीजवळ. नेत्रा हे रोज बघायची, गालात हसायची, आणि विसरून जायची.

तिचं काम औषधांच्या संशोधनातलं. ती संख्याशास्त्राची पीएचडी. सध्या तिच्याकडे जपानमधल्या पेशंटांची माहिती आली होती: स्टेंट बसवल्यावर कुणाला किती दिवस कुठली गोळी दिली, पुढे कुणाला गुठळी झाली, कुणाला रक्तस्राव झाला. एका रविवारी जेवताना बाबांनी सहज विचारलं, "काय करून राहिली एवढं दिवसभर? जपान्यांचं रक्त आपल्याहून वेगळं असते का?"

"तसं नाही हो बाबा. पण त्यांच्यात गुठळी कमी धरते आणि रक्तस्राव जास्त होतो, असं दिसतं. म्हणून तिकडचे डॉक्टर औषध जरा हात राखून देतात. बऱ्याच जणांची तर एक गोळी महिन्याभरात बंदच करतात."

"एक बंद? अन् मग?"

नेत्राला उपमा सुचली, आणि सुचलेली उपमा गिळून टाकणं हे भल्याभल्यांना जमत नाही. "तुमच्या भाषेत सांगू? त्यांच्यात ती गोळी म्हणजे ताटातली डावी बाजू. नंतर उचलली तरी जेवण अडत नाही."

बाबा खूश झाले. तिचा नवरा संग्रामही हसला. "वा! सुनेला पंगत कळली," बाबा म्हणाले, आणि तिच्या ताटात आग्रहानं अजून एक पोळी पडली.

संग्राम पुढच्या आठवड्यात क्लायंटकडे अर्विंगला गेला. इकडे मेपलची पानं लाल व्हायला लागली होती, बाबा सकाळी कोपऱ्यापर्यंत फिरून यायचे, सगळं कसं निवांत चाललं होतं. शुक्रवारी नेत्रा घरूनच काम करत होती. ती चहा गाळत असताना बाबा दाढी करून खाली आले.

बाबांची दाढी म्हणजे एक प्रकरण होतं. रेझर जुनं, हात थरथरता, आणि त्यात रक्त पातळ. जरा कापलं की थांबायचं नाव नाही. रोज सकाळी हनुवटीवर टिश्यूचे दोन-चार तुकडे चिकटवून ते नाश्त्याला बसायचे. नेत्रा चिडवायची, "आज कुठली लढाई मारून आलात?" आज चेहरा स्वच्छ होता. कानाखाली एक बारीक चीर होती खरी, पण ती जागच्या जागी सुकलेली.

"अरे वा, आज टिश्यू नाही?"

"दोन दिवस झाले, लागतच नाही ना!" बाबा गालावरून हात फिरवत म्हणाले. "रक्त जाग्यावर आलं बाप्पा एकदाचं. तुझीच कृपा."

"माझी? मी काय केलं?"

"तूच तर सांगितलं. त्या रविवारपासून डावी बाजू उचलली मी. दोन महिने होऊन गेले ना स्टेंटला, म्हटलं आता पुरे."

चहाचं गाळणं नेत्राच्या हातातच राहिलं. "बाबा, कुठली गोळी उचलली?"

"डावीकडची. गुलाबी."

देवा रे! जी गोळी जपानी माणसाच्या ताटातूनही उचलत नाहीत, नेमकी तीच ह्यांनी उचलली होती, आणि तीही तिच्या शब्दाखातर. जाळी अजून कोवळी होती. आत्ता, ह्या क्षणी, खुर्चीत बसून टोस्टला लोणी लावणाऱ्या ह्या माणसाच्या छातीत काय चाललं असेल, कुणास ठाऊक. बाबा गेले तर ते माझ्यामुळे, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात घण मारत राहिला.

पण ती ओरडली नाही. तिनं गाळणं ठेवलं, हात पुसले आणि शांतपणे विचारलं, "छातीत दुखतंय? दम लागतोय?"

"छे! घोड्यासारखा आहे मी. काय झालं?"

तिनं कार्डिऑलॉजिस्टच्या ऑफिसला फोन लावला. नर्सनं ऐकून घेतलं, डॉक्टरांना विचारून परत फोन केला: रोजच्यापेक्षा जास्त गुलाबी गोळ्या एकदम द्या, लगेच घेऊन या, वाटेत छातीत जरा जरी दुखलं तर गाडी थांबवून नाईन-वन-वनला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. नेत्रानं गोळ्या बाबांच्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी मुकाट्यानं घेतल्या. सुनेचा चेहरा बघून त्यांना काय ते समजलं असावं.

क्लिनिकमध्ये त्यांच्या छातीला वायरी लावल्या, रक्त घेतलं. नेत्रा कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स घट्ट धरून बसली होती. रोज शेकडो पेशंटांची माहिती तिच्या डोळ्यांखालून जायची. कुणाला गुठळी झाली तर तिच्या स्क्रीनवर एका रकान्यात फक्त एक आकडा यायचा, आणि ती पुढच्या ओळीकडे वळायची. आज त्या रकान्यात बाबा होते, आणि तिला पुढे काहीच दिसत नव्हतं.

डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. ईसीजी आधीसारखाच होता. संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट येईल, पण काळजीचं दिसत नाही, त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, गोळी बंद करायला कुणी सांगितलं?

"मी," नेत्रा म्हणाली.

"नो, नो," बाबा तपासणीच्या टेबलावरून उठायलाच लागले, छातीवरच्या वायरींसकट. "माय मिस्टेक. शी इज व्हेरी गुड डॉटर-इन-लॉ."

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे बघितलं. "बोथ पिल्स," त्या बाबांना म्हणाल्या. "मी थांबवा म्हणेपर्यंत."

परतीच्या वाटेवर नेत्रा गाडी चालवत होती. बाबा म्हणाले, "संग्रामला सांगू नको. तो उगाच तुला बोलेल."

"सांगणार, बाबा. चूक माझी आहे." सिग्नलला गाडी थांबली तशी ती त्यांच्याकडे वळली. "अहो, ते लोक थांबवतात ती अ‍ॅस्पिरिन. गुलाबी चालूच ठेवतात. आणि तेही सगळ्यांचं नाही. अटॅक येऊन स्टेंट बसलेल्यांचं औषध इतक्या लवकर कमी केलं, तर काहींना त्रास झालाय. हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही, कारण मला ते डाव्या बाजूचं फार आवडलं होतं. पण तुम्ही तरी मला एका शब्दानं विचारायचं! डॉक्टरांना विचारायचं!"

"डॉक्टरलाच तर विचारलं ना. तू डॉक्टर नाही का? अख्ख्या नागपुराला सांगून ठेवलं मी, आमची सून डॉक्टर आहे."

"मी आकड्यांची डॉक्टर आहे हो. औषधाची नाही."

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. "मला काय समजते त्यातलं? तुझी सासू गेल्यापासून मी कोणाचं ऐकतो, सांग बरं? संग्रामचं ऐकतो? एक तुझं तेवढं ऐकतो."

नेत्राला रडू आवरेना. हिरवा दिवा लागला, मागच्या गाडीनं हॉर्न दिला, तेव्हा कुठे तिनं डोळे पुसून गाडी पुढे घेतली. इतकं कुणी आपलं ऐकतं हे तिला माहीतच नव्हतं. माहीत असतं तर तिनं तोंड जपून उघडलं असतं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. सगळं ठीक होतं. संग्रामला तिनं फोनवर सगळं सांगितलं. तो आधी भडकला, मग "बाबा कुठेत, त्यांना दे" म्हणाला. बाबांनी फोन घेतला आणि त्यालाच झापलं, "तू पण हसला होता ना तेव्हा? मग!"

जेवायची वेळ झाली. ताटं नेहमीप्रमाणे बाबांनीच घेतली. नेत्रा बघत होती. चटणी डावीकडे, दोडक्याची भाजी उजवीकडे, मधोमध वरण-भाताची मूद. दोन्ही गोळ्या हातात घेऊन बाबा थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी ताटाच्या वरच्या कडेला, बरोबर मध्ये, चिमूटभर मीठ वाढलं आणि गोळ्या त्याला लागून ठेवल्या. ना डावीकडे, ना उजवीकडे.

"हे काय आता?" तिनं विचारलं.

"पंक्तिप्रपंच केला होता मी बिचारीशी. डावं-उजवं केलं." ते खुर्ची ओढून बसले. "मीठ पहिलं वाढतात, पंगत उठेपर्यंत कोणी उचलत नाही. मिठाची जागा आता ह्यांची. अन् तू पण ऐक. यापुढे मला काही सांगायचं असलं तर सरळ सांगत जा. पंगतीतलं पंगतीत ठेव."

"बरं," नेत्रा म्हणाली.

दोन दिवसांनी सकाळी ती खाली आली तेव्हा बाबा आधीच टेबलाशी बसले होते. हनुवटीवर टिश्यूचा तुकडा चिकटलेला, आणि त्याच्या मधोमध लालभडक ठिपका हळूहळू पसरत होता.

"कापलं पाह्य पुन्हा," ते वैतागून म्हणाले. "थांबतच नाही."

नेत्रा त्यांच्याजवळ गेली, वाकून तो ठिपका नीट निरखून पाहिला. तिचे डोळे भरून आले.

"फार छान झालं, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांना दुसरा टिश्यू आणून दिला.