गालाला जोडलेला काटा

“आधी गाल सांगा, काटा मग,” हेमांगी मॅडम म्हणाल्या.

कौतिकभाऊंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. धुळ्याच्या कॉलेजात भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते मॅडमच्या हाताखाली तीस वर्षं लॅब अटेंडंट होते. दोघंही निवृत्त झाले, मग साखरेनं मॅडमची दृष्टी नेली. तेव्हापासून भाऊ त्यांच्या घरी येऊन बघायचे आणि मॅडम ओळखायच्या. तुकडे जिऱ्याहून बारीक. ट्रायलोबाइट नावाच्या, पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या जिवांचे.

भाऊ कीर्तनात टाळ धरून उभे राहणारे. एरवी एकेका तुकड्याचं रसाळ वर्णन करायचे. “आख्यान नका लावू हो,” म्हणत मॅडम हसायच्या. आज मात्र भाऊ नुसते मनातल्या मनात मोजत होते.

हे दगड मॅडमच्या धाकट्या भावानं, किरणनं, त्यांच्यासोबत स्पितीच्या डोंगरात जाऊन फोडले होते. त्याच वर्षी तो काविळीनं गेला. दगडांत या जिवांच्या गालाचे, म्हणजे डोक्याच्या कडेच्या कवचाचे, सुटे काटे निघाले. ते कुणालाच ठाऊक नसलेल्या जातीचे, असं मॅडमना वाटे. काटा गालासकट मिळाला की जात ठरणार होती, आणि मॅडम तिला किरणचं नाव देणार होत्या.

आज सुईनं खरवडता खरवडता काटा गालासकट मोकळा झाला होता.

“बोला ना भाऊ. गालावर दाण्यांच्या ओळी किती?”

तीन असल्या तर ती पुस्तकातली जुनीच जात, दोन असल्या तर नवी. भाऊंनी पुन्हा मोजलं. दोन म्हटलं असतं, तर तपासणार कोण होतं? पण ज्या तोंडानं रोज विठ्ठलाचं नाव घ्यायचं, त्याच तोंडानं हे बोलायचं?

“तीन, मॅडम. काटा गालले चिकटेल शे.”

“नीट पाहिलंत?”

“तीनदा दखं.”

शेजारून मिरचीच्या फोडणीचा खकाणा आला. दोघंही खोकली. मॅडमनी पदरानं डोळे पुसले, आणि पुसतच राहिल्या.

“पुस्तकमा ह्याना काटा मोडेल शे,” भाऊ हळूच म्हणाले. “आपला आख्खा शे.”

“हो ना. चिठ्ठी करा, भाऊ. जुनंच नाव घाला.”

भाऊंनी लिहिलं. “खाले ‘कोणी शोधला’ कोरं शे. तुमनं नाव लिखू?”

“किरण लिहा.” त्या थांबल्या. “पूर्ण लिहा. किरण आधार पाटील.”

चिठ्ठी डबीवर चिकटवून भाऊंनी डबी त्यांच्या तळहातावर ठेवली. मॅडमचं बोट चिठ्ठीजवळ गेलं.

“शाई ओली आहे?”

“शे थोडी.”

बोट तसंच वर धरून त्या शाई वाळायची वाट बघत बसल्या.