आईची पाठ जिन्याकडे

जोडीनं नाचायची आमच्या घरातली रीत अशी: पुरुष पुढे चालतो, बाई उलटी. बाईनं मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर जोडीदारावर भरवसा नाही असा अर्थ होतो. आजी अशीच नाचली, आई अशीच नाचते. मी नाचाचा क्लास चालवते, तिथे दोघंही आळीपाळीनं पुढे होतात. बाबा त्याला कवायत म्हणतात.

मध्यंतरी बाबांनी भरलेला कप टेबलावर ठेवायचा म्हणून सरळ हवेत सोडला. मग दाराला धडकले आणि दारालाच शिव्या घातल्या. डोळे अधू झालेत हे कबूल करतील तर ते बाबा कसले!

मी आईला गाठलं. "अगं, त्यांना दिसत नाहीये."

"मला काय सांगतेस?" ती भांडी विसळत म्हणाली.

"मग नाचताना तू पुढे हो."

"त्यांना कळेल ना. नाच सुटला तर हा माणूस खुर्चीत बसेल तो उठायचाच नाही."

"आणि तू पडलीस तर?"

तिनं नळ मोठा केला.

रविवारी संध्याकाळी आम्ही नाचायला जायचो तो जुना हॉल दुरुस्तीनंतर उघडला. मालकानं कोपऱ्यातली भिंत पाडून तळघरात उतरायला जिना केला होता. कठडा अजून बसायचा होता. नुसती एक दोरी, तीही वाढप्यांनी ये-जा करायला सोडून ठेवलेली. बाबांच्या डोक्यात हॉल जुनाच होता, आणि तो कोपरा त्यांचा लाडका. तिथे नेऊन ते आईला गर्रकन फिरवायचे.

मी सांगायला पोचायच्या आत बँड सुरू झाला. बाबा ताठ मानेनं, रुबाबात आईला मागे मागे नेत निघाले, थेट कोपऱ्याकडे. मी ओरडले, पण त्या गोंगाटात कोण ऐकणार? जोड्यांना धक्के देत धावले. आईला माझा चेहरा दिसला. त्यावरून तिला सगळं कळलं असणार. तरी तिची मान वळली नाही.

तिची टाच कडेवरून सुटली. बाबांच्या खांद्यात नखं रुतवून ती कशीबशी सावरली.

"पाय घसरला का गं?" बाबा हसले. "घाबरतेस काय, मी आहे ना."

आईचे ओठ पांढरे पडले होते.

"हो," ती म्हणाली, "तुम्ही आहात ना."

मी तिचा दंड घट्ट धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि पुन्हा जिन्याकडे पाठ केली. गाणं अजून अर्धं बाकी होतं.