दुसरी फुंकर

नळी पांढरी होती, करंगळीएवढी, आणि तिच्या टोकाला त्याच्याच थुंकीचा एक थेंब लोंबत होता... पुलावरच्या नाक्यावर हवालदारानं श्वास तपासायचं यंत्र त्याच्याकडे वळवलं. शून्य असायला हवं तिथे आकडा होता.

"अकरा वर्षं दारूचा थेंब घेतला नाही साहेब," तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला वाटलं, हे आपण पूर्वीही म्हणालोय — तेव्हा वर्षांऐवजी दिवस असायचे, एवढंच.

शेजारच्या सीटवरून त्याची मुलगी उतरली, काळा कोट हातावर टाकून. अशाच नाक्यांवर अडवलेल्या माणसांचे खटले ती लढवते. तिला कोर्टात सोडायलाच तो निघाला होता. सकाळचे साडेनऊ, लख्ख ऊन.

"नळी नवी लावा. पंधरा मिनिटं थांबून दुसरी चाचणी. आणि यंत्र तपासल्याचा दाखला दाखवा. तोवर हे कशावरही सही करणार नाहीत."

"घ्या ना ताई," हवालदार बिचारा नरमला. "आम्ही कुठं नाही म्हणतोय?"

दाखला याच महिन्याचा होता. तिनं तो दोनदा वाचला, मग आवाज उतरवून विचारलं, "बाबा, सकाळी खोकल्याचं औषध घेतलं असेल तुम्ही. त्यात असतं थोडं. तोंडात राहतं."

खोकलाच नव्हता त्याला. "हो," तो म्हणाला. "दोन चमचे."

का म्हणालो मी हो? खरं सांगायला काय धाड भरली होती? पण तिनं विचारतानाच वाट करून दिली होती आणि तो निमूट त्या वाटेनं आत शिरला, जसा पूर्वी रोज घरात शिरायचा — दारात ती उभी असायची, सात वर्षांची, दोन वेण्या. आतून तिची आई ओरडायची, वास बघ गं त्यांचा! आणि ही टाचा उंचावून म्हणायची, बाबा, हा करा. तो हा करायचा. तिचं नाक आक्रसायचं, डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग मान आत वळवून, मोठ्यानं, स्वच्छ आवाजात — नाही गं आई, नाही वास. माझी पहिली वकील. एकदाही हरली नाही पोरगी.

पंधरा मिनिटं तो पुलाच्या कठड्याशी उभा राहिला. सकाळ आठवू लागला. दाढी केली, चहा प्यायला... आणि मग गाडीची किल्ली हातात होती. चहा आणि किल्ली यांच्यामध्ये काहीच नव्हतं. पूर्वीही मध्ये असंच काही नसायचं. जिभेच्या मुळाशी गोडसर, जळकं काहीतरी उठलं. दोन वर्षांपूर्वी तिनं त्याला आपल्या घरी आणलं होतं, एका अटीवर. ती अट दोघांनी पुन्हा उच्चारली नव्हती.

"दुसऱ्यातही आलं तर रक्ततपासणी मागा," ती म्हणाली. "हक्क आहे तुमचा. रक्तात खरं काय ते येतं."

येतं ना, त्याच्या मनात आलं. म्हणूनच तर नको...

त्यानं दुसऱ्यांदा फुंकलं. शून्य.

"औषधबिषध असलं की होतं असं," हवालदार म्हणाला. "जा काका."

गाडीत बसून तो हायसं वाटायची वाट बघत राहिला. वाटलं नाही. तळहात तोंडाशी धरून त्यानं श्वास सोडला. वास होता. होता की...

"ठमे," तो म्हणाला. कित्येक वर्षांत तिला या नावानं हाक मारली नव्हती. "जरा बघ ना." आणि तिच्याकडे वळून त्यानं हा केलं.

ती वाकली. तिचं नाक आक्रसलं की भास झाला, कळलं नाही. तिनं मान समोर वळवली आणि आत कुणीतरी ऐकत असल्यासारखी, मोठ्यानं, स्वच्छ म्हणाली, "नाही वास."

तोच आवाज. त्यानं गाडी सुरू केली. आजच रक्त तपासून घ्यायचं, कुणी मागितलं नाही तरी, असं त्यानं पक्कं ठरवलं. पण तिला कोर्टाच्या दाराशी उतरवल्यावर आपण कुठे वळणार आहोत, ते त्याला सांगता आलं नसतं.